आधी गा, मग फुंक

तुझं पत्र मिळालं. तीन याद्या, चाळीसेक नावं आणि शेवटी प्रश्न: बीबॉप, कूल आणि हार्ड बॉप या जॅझच्या तीन शैलींपैकी माझी कोणती? अगं, ही काय अकरावीची ॲडमिशन आहे शाखा निवडायला? ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसकडेच बघ. नोव्हेंबर १९४५मध्ये एकोणिसाव्या वर्षी तो बीबॉपवाल्या सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करबरोबर स्टुडिओत होता. १९४९-५०मध्ये नऊ जणांचा तो मऊ, फ्रेंच हॉर्न आणि ट्यूबावाला कूल ताफा त्याचाच. १९५४ साली 'वॉकिन'मधून हार्ड बॉपची वाट दाखवणाऱ्यांतही तोच. नऊ वर्षांत तिन्ही घरं फिरून आला. तेव्हा याद्या बाजूला ठेव.

सोबतचं, पार्करचं 'को-को' तू आल्टो सॅक्सोफोनवर वाजवलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. सूर बरोबर आहेत, बोटं पळतात, आणि तरी टायपिंग चालल्यासारखं वाटतं असं तूच लिहिलं आहेस. खरं आहे. कारण त्यातली एकही ओळ तुला गाता येत नाही. गळ्यात नाही ते बोटांत येत नाही. छापील पुस्तकातून तू सूर उचललेस. कागदावर सुरांची उंची उतरते. कुठे जोर, कुठला सूर अर्धा गिळलेला, ठोक्याच्या किती मागे, हे उतरत नाही. आणि पार्कर म्हणजे नेमकं तेच.

तबला शिकणारा आधी बोल पढतो, मग हात लावतो. हे तुला समजावून सांगायला लागू नये. मग सॅक्सोफोन हातात आला की गळा गप्प का बसतो? 'बीबॉप' हे नावच मुळी तोंडाने म्हटलेल्या बोलांतून आलं. न्यूयॉर्कमध्ये पियानोवादक लेनी ट्रिस्टानो विद्यार्थ्यांकडून सॅक्सोफोनवाल्या लेस्टर यंगचे सोलो (एकट्याने रचत वाजवलेले भाग) रेकॉर्डबरोबर गाऊन घ्यायचा, वाद्य नंतर. ली कोनित्झ आणि वॉर्न मार्श हे सॅक्सोफोनवाले त्याच तालमीतले. खुद्द पार्करने १९३७च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरात लेस्टरचेच सोलो रेकॉर्डवरून घोकले. सॅक्सोफोनवाल्या जेम्स मूडीने १९४९मध्ये स्टॉकहोमला उसन्या आल्टोवर वाजवलेल्या सोलोला तर पुढे शब्द लागले आणि तो गाणं म्हणून गाजला.

आता कामाचं. 'को-को' बंद. मिनिटाला तीनशेच्या आसपास ठोके आहेत त्यात, आणि खाली 'चेरोकी' या गाण्याचा चौसष्ट बारांचा (चार ठोक्यांचा एक बार) साचा, ज्याचा मधला भाग दर चार बारांनी पट्टी बदलतो. तिथे तू जे करते आहेस ती कसरत आहे. त्याऐवजी 'सो व्हॉट'मधला माइल्सचा सोलो घे. दोन कोरस, म्हणजे साच्याच्या दोन फेऱ्या, चौसष्ट बार. प्रत्येक फेरीत सोळा बार डी डोरियन (एक स्केल), आठ ई फ्लॅट, पुन्हा आठ डी. आल्टोवर त्याच सुरांची नावं वेगळी पडतात, तुझ्यासाठी ते बी आणि सी होतील. सूर थोडे, मोकळ्या जागा भरपूर. नवख्याला त्या जागाच गाता येत नाहीत, तो घाईने पुढचं वाक्य सुरू करतो. म्हणून विश्रांतीचे ठोकेही पायाने मोजत गा.

एक खबरदारी. 'सो व्हॉट'ची जुनी एलपी किंवा तिच्यावरून काढलेली कॉपी असेल तर पहिली बाजू जवळजवळ पाव सूर चढी वाजते. २ मार्च १९५९च्या त्या सत्रात टेपयंत्र हळू चाललं होतं, त्यामुळे योग्य वेगाने लावल्यावर सगळं चढलं. हे १९९२ साली दुरुस्त झालं. त्यानंतरची आवृत्ती वापर, नाहीतर महिनाभर माउथपीस आत-बाहेर करत बसशील आणि दोष कानाला देशील.

दोन ते चार बारांचा तुकडा घे. वाद्य पेटीत. आधी नुसतं ऐक, मग रेकॉर्डबरोबर गा, मग रेकॉर्ड बंद करून गा. वेग सत्तर टक्क्यांवर आणलास तरी चालेल, आजची ॲप्स सूर जागेवर ठेवतात. (पूर्वी मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या तबकडीला १६ फेऱ्यांवर फिरवायचे, सूर बरोबर एक सप्तक खाली यायचा.) बंद रेकॉर्डवर तुकडा लागोपाठ तीनदा बिनचूक आला की वाद्य काढ. तेव्हा कळेल की बोटं स्वतःच सूर शोधतात. मेट्रोनोम ६८वर लाव आणि तो ठोका बारातला दुसरा-चौथा समज. पहिला-तिसरा समजलीस की सगळं कवायतीसारखं होतं.

हे पक्कं झाल्यावर पार्कर. 'नाऊज द टाइम', एफमधला ब्लूज, तुझ्यासाठी डी. १९४५चा आणि १९५३चा असे दोन वेगळे आहेत. १९५३चा चार जणांच्या ताफ्यातला घे, जास्त स्वच्छ ऐकू येतो. जीभ ठोक्यावर मारू नकोस. ठोक्यांमधल्या सुरावर मार आणि तिथून ठोक्यावर घसरत ये. आणि वेग वाढला की दोन सुरांमधला लांब-आखूड असा लंगडा झोल कमी कर; मिनिटाला २५० ठोक्यांना तो झोल तसाच ठेवलास तर घोडागाडी होते.

स्केलबद्दलही विचारलं आहेस. तुला खमाज येतो ना? दोन्ही निषाद असतात. डॉमिनंट सेव्हंथ कॉर्डवरच्या (सा, ग, प, कोमल नी) बीबॉप स्केलमध्येही दोन्ही निषाद येतात, फक्त एकामागून एक: सा, शुद्ध नी, कोमल नी, ध, प, म, ग, रे. आठ सूर झाल्यामुळे सा, कोमल नी, प आणि ग हे कॉर्डचे सूर बरोबर ठोक्यावर पडतात. सातच ठेवलेस तर पुढच्या फेरीत सगळं एका घराने सरकतं आणि ओळ कॉर्डला सोडून गेल्यासारखी वाटते. हेसुद्धा बोटांनी नको. आधी गा.

हार्ड बॉपसाठी 'मोनिन' पुरे. ऑक्टोबर १९५८, ड्रमवाल्या आर्ट ब्लेकीचा ताफा, ट्रम्पेटवर वीस वर्षांचा ली मॉर्गन. पियानो हाक देतो आणि फुंकवाद्यं चर्चमधल्या 'आमेन'सारखी साथ देतात. हाकही गा, साथही गा. कूलसाठी चेट बेकर ऐक, तो गायचाही आणि त्याचं ट्रम्पेट त्याच्या गळ्यासारखंच बोलतं. याहून मोठा पुरावा मी काय देऊ?

पार्करच्या व्यसनावर तू अर्धं पान खर्च केलंस. चौतिसाव्या वर्षी गेला तो. ट्रम्पेटवाला क्लिफर्ड ब्राउन निर्व्यसनी होता आणि त्याच्या सोलोंत कुठेही काही कमी नाही. विषय संपला.

राहिले तुझ्या रियाजाने त्रासणारे शेजारी. सॅक्सोफोनवाला सनी रोलिन्स १९५९ ते १९६१ न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन वाजवायचा, कारण घरी वाजवणं शेजाऱ्यांना त्रासाचं होतं. (हाच माणूस साठच्या दशकाच्या शेवटी आपल्या पवईतल्या आश्रमात येऊन राहिला होता.) तुला पूल लागणार नाही. गाण्याला एनओसी लागत नाही. लोकलमध्ये गुणगुण, भांडी घासताना गुणगुण.

तू म्हणशील, हा माणूस एकच गोष्ट घोकतो. घोकतो. वाद्य आधी आणि गळा नंतर असं केलं तर किती वर्षं जातात, हे मला पक्कं माहीत आहे. कसं, ते विचारू नकोस. आणि कुणी सांगितलं की गायला गेलीस तर हात मागे पडतील, तर त्याला त्याच्या आवडत्या सोलोचे चार बार गाऊन दाखवायला सांग.

पंधरा दिवसांनी 'सो व्हॉट'चे पहिले आठ बार फोनवर रेकॉर्ड करून पाठव. आल्टोवरचे नकोत. गळ्याचे.