क्लिंगॉनमध्ये ('स्टार ट्रेक'मधल्या क्लिंगॉन लोकांसाठी बनवलेली भाषा) नेज, षाम आणि तू' या तिन्हींचा अर्थ 'शोधणे'च ना? मग फरक काय?

हा घोळ माझा पण झालेला. ही भाषा बनवणाऱ्या मार्क ओक्रँडच्या १९८५ च्या डिक्शनरीतले इंग्रजी अर्थ घोकत होतो तोवर काही सुटत नव्हतं, मराठीत विचार केला आणि लगेच डोक्यात बसलं.

नेज म्हणजे नुसतं शोधत फिरणं, मिळेलच असं नाही. षाम म्हणजे हुडकून काढणं, शोधलं पण आणि मिळालं पण. (हा उच्चार आपला षटकोनातला ष आहे, जीभ मागे वळवून, आपल्याला फुकटात येतो.) आणि तू' म्हणजे दिसणं, लक्षात येणं, सापडणं, त्यासाठी आधी शोधाशोध केलेली असायलाच पाहिजे असं काही नाही. मी एकदा जुन्या पँटीच्या खिशात पाचशेची नोट सापडली हे सांगायला षाम वापरलं, तर समोरच्याला वाटलं की मी घरभर नोट हुडकत बसलो होतो! तिथे तू' पाहिजे होतं. फक्त एक लक्षात ठेवा, मराठीत नोट 'सापडते', क्लिंगॉनमध्ये कर्ता तुम्ही असता आणि नोट कर्म, आणि वाक्यात कर्म सगळ्यात आधी, मग क्रियापद, मग कर्ता, म्हणजे इंग्रजीच्या बरोब्बर उलट.

तू'ची खरी गंमत पुढे आहे. त्याला लू' जोडलं की 'कोणालातरी सापडतं' असं होतं, आणि हेच तू'लू' 'आहे' या अर्थाने वापरतात. 'इथे आसपास क्लिंगॉन आहेत' हे वाक्य असंच बनतं. आपण नाही का म्हणत, त्या गल्लीत चांगली मिसळ मिळते, कोणाला मिळते ते कोण विचारतंय. इथे षाम घातलं तर कोणीतरी क्लिंगॉनांचा माग काढत आलंय असं वाटेल.

मारण्याचं पण असंच आहे. मराठीत 'मारलं' म्हणजे चापट की खून हे संदर्भावरून कळतं, तिकडे किप म्हणजे फटका मारणं, खोख जीव घेणं, चोट खून करणं आणि मूख देहदंड देणं.

आणि क्रिया पूर्ण झाली हे दाखवायला पू' लावायचं, पण मुद्दाम ठरवून केली असेल तर ता'. लूखोखपू' म्हणजे त्यांनी त्याला मारलं, लूखोखता' म्हणजे मारायचंच ठरवून मारलं, चुकून मेला असेल तर हे चालतच नाही. त्यामुळे नोटेच्या वाक्यात तू'ला पू'च लावा, ता' लावलंत तर नोट आधी तुम्हीच ठेवली होती की काय असं लोक विचारतील.