पाच जणांच्या टीमने कुबरनेटिससाठी गेटकीपर घ्यावं की कायव्हर्नो?

तुम्ही लिहिलंय की टीम पाच जणांची आहे, कुबरनेटिसचे (कंटेनरमध्ये बांधलेली ॲप्स अनेक मशीनवर चालवणारी प्रणाली) क्लस्टर, म्हणजे मशीनचे गट, तीन आहेत, ऑडिट तोंडावर आलंय आणि सुरक्षेसाठी गेटकीपर, कायव्हर्नो (दोन्ही क्लस्टरवर नियम लावणारी टूल्स), फाल्को (चालू कंटेनरवर लक्ष ठेवणारं), ट्रिव्ही (सॉफ्टवेअरमधल्या ज्ञात त्रुटी शोधणारं) यांतलं काय घ्यावं ते ठरत नाहीये. मी प्लॅटफॉर्म टीममध्ये रोज हेच काम करतो. तुमच्या जागी मी असतो, तर पहिल्या आठवड्यात यांपैकी काहीच बसवलं नसतं.

कारण बरंचसं काम कुबरनेटिस स्वतःच करतं. 2022 मध्ये 1.25 आवृत्तीत पॉडसाठीची (पॉड म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा लहानात लहान गट) जुनी पॉड सिक्युरिटी पॉलिसी काढून टाकली आणि तिच्या जागी पॉड सिक्युरिटी ॲडमिशन पक्कं झालं. नेमस्पेसवर (क्लस्टरमधल्या कप्प्यावर) एक लेबल लावायचं आणि प्रिव्हिलेज्ड, बेसलाइन, रिस्ट्रिक्टेड (सगळ्यात मोकळी ते सगळ्यात कडक) यांपैकी पातळी निवडायची, एवढंच. लेबल खरोखर लावण्याआधी लेबल लावायचीच कमांड सर्व्हरवरच्या ड्राय-रनने (प्रत्यक्ष बदल न करता) चालवा. आत्ता चालू असलेले कोणते पॉड नियमात बसत नाहीत, ते लगेच समोर येतं. बहुतेक टीमना इथेच पहिला धक्का बसतो: निम्मे कंटेनर रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून चालत असतात.

यानंतर उरतात ते तुमचे स्वतःचे नियम: इमेज (कंटेनर ज्यावरून बनतो ती फाइल) फक्त आपल्याच रजिस्ट्रीतून (इमेजच्या साठ्यातून) यावी, मेमरीची मर्यादा लिहिलेलीच असावी. गेटकीपर की कायव्हर्नो हा प्रश्न खरा इथे येतो. गेटकीपरचे नियम मुख्यतः रेगो भाषेत लिहायचे. ओपा हे त्यामागचं इंजिन भक्कम आहे, आणि टेराफॉर्मसाठी (यंत्रणा कोडने उभारणारं टूल) किंवा एपीआयच्या परवानग्यांसाठी तुम्ही रेगो आधीच वापरत असाल तर दुसरीकडे बघू नका. पण टीममध्ये रेगो एकालाच येत असेल, तर तो रजेवर गेल्यावर नियमाला हात लावायला कुणी धजत नाही. कायव्हर्नोमध्ये नियम साध्या यॅमलमध्ये (कुबरनेटिसची सेटिंग्ज ज्या स्वरूपात लिहितात त्यात) लिहिता येतो. मेमरीच्या जागी प्रश्नचिन्ह आणि स्टार टाकलं की अर्थ होतो, 'इथे काहीतरी भरलेलंच पाहिजे'. नव्या मुलालाही वाचून समजतं. पाच जणांच्या टीमला मी कायव्हर्नोच सांगेन. नियम मोजकेच आणि नुसते हो-नाहीचे असतील, तर 1.30 पासून पक्कं झालेलं व्हॅलिडेटिंग ॲडमिशन पॉलिसी बघा. ते एपीआय सर्व्हरच्या (क्लस्टरच्या सगळ्या विनंत्या घेणाऱ्या भागाच्या) आतच चालतं, वेगळा वेबहुक (एपीआय सर्व्हर ज्याला परवानगी विचारतो ती बाहेरची सेवा) सांभाळावा लागत नाही.

वेबहुकबद्दल मी इतकं का बोलतोय, तर एकदा चांगलंच पोळलोय. आम्ही पॉलिसीचा वेबहुक सगळ्या नेमस्पेसना लावला होता, त्याच्या स्वतःच्या नेमस्पेसलासुद्धा. फेल्युअर पॉलिसी 'फेल' (वेबहुकने उत्तर दिलं नाही तर विनंती नाकारायची), रेप्लिका (चालू प्रत) एकच. अपग्रेडसाठी नोड (क्लस्टरमधलं एक मशीन) रिकामा केला, तो पॉड गेला, आणि नवा पॉड बनायला त्याच्याच वेबहुकची परवानगी हवी होती! क्लस्टरमध्ये एकही नवा पॉड उभा राहीना. चूक टूलची नव्हती, मांडणी आमची होती. सुटका झाली ती वेबहुकचं कॉन्फिगरेशनच डिलीट करून, कारण त्या ऑब्जेक्टवर वेबहुक लागू होत नाहीत. म्हणून रेप्लिका तीन ठेवा, सिस्टीमचे नेमस्पेस वगळा, आणि ही डिलीटची कमांड रनबुकच्या (अडचणीत काय करायचं त्या टिपणाच्या) पहिल्या पानावर लिहून ठेवा. नियमही आधी ऑडिट मोडमध्ये (न अडवता नुसती नोंद) सोडा. रिपोर्ट रिकामे झाल्याशिवाय एनफोर्सला (प्रत्यक्ष अडवण्याला) जाऊ नका.

ट्रिव्ही सीआयमध्ये (कोड आपोआप तपासून बिल्ड करणाऱ्या यंत्रणेत) लावा, पण दुरुस्ती उपलब्ध नसलेल्या त्रुटींवर बिल्ड पाडू नका. लोक स्कॅनच बंद करून टाकतात. फाल्को चांगलं आहे, पण ते अडवत नाही, सांगतं. कंटेनरमध्ये कुणी शेल उघडलं, तर अलर्ट येईल. तो अलर्ट वाचणारा माणूस ठरला नसेल तर सध्या थांबा.

त्यापेक्षा आजच एक गोष्ट तपासा. क्लस्टरचं नेटवर्किंग नुसत्या फ्लॅनेलवर (पॉड एकमेकांशी जोडणारं साधं प्लगइन) असेल, तर नेटवर्क पॉलिसी (कुठला पॉड कुणाशी बोलू शकतो तो नियम) विनातक्रार स्वीकारली जाते आणि काहीही अडवत नाही. कॅलिको किंवा सिलियमसारखं ती पाळणारं प्लगइन असेल तरच ती लागू होते. एका नेमस्पेसमध्ये बिझीबॉक्सचा पॉड उभा करा आणि तुमच्या पॉलिसीने बंद केलेल्या दुसऱ्या नेमस्पेसमधल्या सर्व्हिसला डब्ल्यूगेट (नेटवर्कवरून विनंती पाठवणारी कमांड) मारून बघा. उत्तर आलं, तर कायव्हर्नोच्या आधी ते काम हातात घ्या.