‘यांत्रिक उत्तेजना’ म्हणायचं की सरळ ‘दाब’?

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलंय, त्या दिवाळी अंकासाठी गुडघ्यावर लेख लिहितायत आणि त्यात ‘मेकॅनिकल स्टिम्युलेशनमुळे स्टेम सेल्सपासून कार्टिलेज तयार होतं’ असं वाक्य येतं, तर ‘यांत्रिक उत्तेजना’ चालेल का, आणि कार्टिलेज म्हणजे कूर्चा की उपास्थी?

दुसरं आधी उरकतो. दोन्ही चालतात, कास्थी पण दिसतं, मला कूर्चा (नाका-कानात असतं तसलं मऊ, लवचीक हाड) सुटसुटीत वाटते. सुश्रुतसंहितेत हाडांच्या पाच प्रकारांत ‘तरुण’ असा एक आहे, नाक, कान, मान, डोळ्याच्या खोबणीतला, पण आज ‘तरुणास्थी’ लिहिलंत तर लोक तरण्या माणसाचं हाड समजतील. त्यापेक्षा मोरीचं आंबटतीक आठवा म्हणावं, मोरीचा सगळा सांगाडाच कूर्चेचा. (मोरी म्हणजे शार्क, अंक घाटावर जाणार असेल तर हे लिहाच, नाहीतर ते न्हाणीघरात जातील.) स्टेम सेलला मूलपेशी, म्हणजे जिच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात ती.

आता खरी गोची. ‘यांत्रिक’ म्हटलं की आपल्याला मशीन दिसतं. लॅबमध्ये मशीन असतं खरं, पण पेशीला त्याचं काय, तिला कळतं ते बल. अस्थिमज्जेतल्या किंवा चरबीतल्या मूलपेशी जेलमध्ये ठेवतात, टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन देतात आणि जेल दाबायचं-सोडायचं, बऱ्याच प्रयोगांत सेकंदाला एकदा, साधारण 10 टक्के चेपेल इतकं, म्हणजे चालण्याच्याच लयीत. पेशीच्या आवरणात पिएझो1, टीआरपीव्ही4 असले आयन चॅनेल, म्हणजे बारीक दारं, असतात, ती बलाने उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, तिथून निरोप पुढे जातो आणि सॉक्स9 सारखी जनुकं कामाला लागली की टाइप 2 कोलॅजन, अ‍ॅग्रिकन असा कूर्चेचा माल बनायला लागतो. पिएझो हे नावच मुळी ग्रीकमधल्या ‘दाब’ अर्थाच्या शब्दावरून ठेवलंय, आणि ते शोधणाऱ्या आर्डेम पाटापूटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं, डेव्हिड ज्युलियस यांच्याबरोबर. म्हणजे शास्त्रज्ञांनीसुद्धा दाबच म्हटलंय की!

‘उत्तेजना’ तर मला अजिबात नको. एक तर शब्दाला भलता वास येतो, आणि ‘उत्तेजन’ करावं तर उत्तेजनार्थ बक्षीस आठवतं, जणू बल दिलं की फायदाच. तसं नसतं. पुन्हा पुन्हा दाबून-सोडून दिलेला दाब कूर्चेकडे नेतो, नुसतं ओढत राहिलं तर पेशी बऱ्याचदा तंतुमय ऊतीकडे झुकतात, आणि पृष्ठभागावर घासत सरकवलं तर वंगणासारखं ल्युब्रिसिन वाढतं. वेळही बघावी लागते, पेशींनी स्वतःभोवती थोडं कोलॅजन वगैरे जमवायच्या आधीच दाब दिला तर उलट काम बिघडू शकतं. एवढं सगळं एका ‘उत्तेजना’त कोंबून वाचकाला काय कळणार? म्हणून जिथे जे बल असेल ते लिहा: दाब, ताण, घर्षण. सगळ्यांना मिळून एक शब्द हवाच असेल तर ‘बलाचा परिणाम’ पुरे.

तुमचं वाक्य मी असं करीन: ‘ठरावीक लयीत दाब दिल्यावर मूलपेशी कूर्चा तयार करायला लागतात, असं लॅबमध्ये दिसलंय.’ ‘लॅबमध्ये’ गाळू नका हां, नाहीतर मिरामारला चार चकरा मारल्या की झिजलेला गुडघा भरून येतो असं समजून आमचे काका उद्याच बूट घालतील.