वाचक विचारतात : टाच, भाकरी आणि तेलाचा घाणा

सुरुवात माझ्या चुकीपासूनच करतो. मागच्या वेळी बायबलातल्या नावांच्या अर्थांबद्दल लिहिताना 'शमुवेल' (हा एक संदेष्टा) म्हणजे 'देवाकडे मागितलेला' असं मी बिनधास्त ठोकून दिलं होतं, आणि एका वाचकाने बरोब्बर कान पकडला. त्यांनी विचारलंय की मागणे या अर्थाचं हिब्रू क्रियापद 'शाआल' आहे ना, मग ते शमुवेल या नावात आहे तरी कुठे?

नाहीच्चे. नाव नुसतं फोडून बघितलं तर 'शेम' म्हणजे नाव आणि 'एल' म्हणजे देव, त्यामुळे अर्थ 'त्याचं नाव एल' किंवा 'देवाचं नाव' असा काहीतरी निघतो. मी जो अर्थ दिला तो शमुवेलची आई हन्ना सांगते तो. बायबलातल्या १ शमुवेल या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात तिला मूल नसतं, ती शिलो इथल्या मंदिरात जाऊन प्रार्थना करते, ओठ हलतात पण आवाज येत नाही म्हणून एली याजकाला वाटतं ही बाई पिऊन आलीय, आणि मग मुलगा झाल्यावर ती म्हणते की मी त्याला परमेश्वराकडे मागितलं म्हणून नाव शमुवेल. आता गंमत बघा, त्या अध्यायात 'मागणे' हे क्रियापद पुन्हा पुन्हा येतं आणि शेवटी २८व्या ओवीत, मुलगा परमेश्वराला देऊन टाकताना, ती जो शब्द वापरते तो हिब्रूत अक्षरशः 'शाऊल' आहे. म्हणजे पुढे ज्याला हाच शमुवेल राजा म्हणून अभिषेक करतो त्या शौलाचं नाव! काही अभ्यासक म्हणतात ही गोष्ट मुळात शौलाच्या जन्माची असावी, मला ते एवढं पटत नाही, पुढे येणाऱ्या राजाचं नाव लेखकाने मुद्दाम आधीच कानावर घातलंय असं मला वाटतं. पण माझी चूक ती चूकच. गोष्टीतली आई जो अर्थ सांगते तो आणि डिक्शनरीतला अर्थ, हे दोन वेगळे कप्पे आहेत, ते मी एकत्र कालवले.

प्रश्न : याकोब म्हणजे 'फसवणारा' असं सगळीकडे दिलेलं असतं. असं नाव कुठले आईबाप ठेवतील?

कुठलेच नाही ठेवणार, आणि ठेवलंही नव्हतं. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात जुळी मुलं होतात, आधी एसाव येतो आणि मागून दुसरा त्याची टाच धरून बाहेर येतो. टाचेला हिब्रूत 'आकेव', म्हणून 'याकोव', आपल्या मराठी बायबलातला याकोब. फसवण्याचा अर्थ येतो तो दोन अध्यायांनंतर, आणि कोणाच्या तोंडून येतो ते महत्त्वाचं आहे. धाकट्याने आंधळ्या बापाला फसवून आशीर्वाद लाटलाय, एसाव रडतोय, आणि चिडून म्हणतो, याचं नाव याकोब ठेवलं ते बरोबरच, दोनदा ठकवलं मला! इथे तो त्याच अक्षरांचं 'आकाव' हे क्रियापद वापरतो. भाऊबंदकीच्या भांडणात मारलेला टोमणा आहे तो, आणि नावांच्या याद्यांवाल्यांनी तोच अर्थ म्हणून छापून टाकला. भाषेचे अभ्यासक तर मूळ नाव 'देव रक्षण करो' अशा धाटणीचं असावं म्हणतात, कारण त्या भागातल्या फार जुन्या लेखांत याकोब-एलसारखी नावं सापडतात.

आणि हे नाव इथे थांबत नाही. उत्पत्ती ३२ वाचाल तेव्हा शक्यतो हिब्रू उच्चार समोर ठेवून मोठ्याने वाचा. याकोव रात्री यब्बोक नदीच्या उतारापाशी एकटा असतो (आजच्या जॉर्डनमधली झर्का नदी ती) आणि कोणीतरी त्याच्याशी झोंबी घेतो, झोंबी घेतली याला शब्द आहे 'येआवेक'. याकोव, यब्बोक, येआवेक. तीन शब्द एकमेकांत असे गुंतलेत की झोंबी कानालाच ऐकू येते, आणि भाषांतरात हे सगळं पार वाहून जातं. पहाटे तो अनोळखी विचारतो, तुझं नाव काय? गंमत म्हणजे मागे आंधळ्या बापाने 'तू कोण' विचारलं होतं तेव्हा यानेच 'मी एसाव' म्हणून ठोकून दिलेलं असतं. या वेळी खरं सांगतो, याकोब, आणि लगेच नवीन नाव मिळतं, इस्राएल, कारण तू देवाशी आणि माणसांशी झुंजलास. इथेही व्याकरणाने 'एल झुंजतो' असं जास्त सरळ निघतं, म्हणजे झुंजणारा कोण यावरच उलटापालट. बायबलबाहेर इस्राएल हे नाव सगळ्यात आधी दिसतं ते इजिप्तच्या मर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात, इ.स.पू. सुमारे १२०८चा, १८९६ मध्ये सापडला, आणि त्यात तो राजा फुशारकी मारतो की इस्राएल संपला, त्याचं बी उरलं नाही.

प्रश्न : बेथलेहेम म्हणजे 'भाकरीचं घर' की 'मांसाचं घर'? दोन्ही वाचलंय.

दोन्ही बरोबर आहे. हिब्रूत 'बेथ' घर आणि 'लेहेम' भाकरी. अरबीत तेच गाव 'बैत लह्म', आणि अरबीत 'लह्म' म्हणजे मांस. दोन्ही भाषा एकाच घराण्यातल्या, मूळ अर्थ बहुधा 'मुख्य अन्न', मग ज्याच्या ताटात जे मुख्य तो अर्थ त्याच्याकडे राहिला.

पण या नावाचा खरा उपयोग रूथच्या पुस्तकात केलाय. पहिलीच ओळ, देशात दुष्काळ पडला आणि बेथलेहेमचा एक माणूस बायकापोरं घेऊन मवाब या शेजारच्या देशात गेला. भाकरीच्या घरात भाकर नाही! मवाबात तो माणूस वारतो, दोन्ही मुलगे वारतात, आणि त्याची बायको नामी सुनेला घेऊन परत येते तेव्हा गावातल्या बाया म्हणतात, ही नामीच का? ती म्हणते मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. नामी म्हणजे गोड, मनोहर, आणि मारा म्हणजे कडू. आणि त्याच अध्यायाच्या शेवटच्या ओवीत लेखक सहज सांगून जातो की त्या पोचल्या तेव्हा जवाच्या कापणीची सुरुवात होती, म्हणजे घरात भाकर परत आलीय, फक्त नामीला अजून ती दिसत नाहीये.

प्रश्न : गेथशेमाने बागेच्या नावाचा अर्थ?

तेलाचा घाणा. 'गथ' म्हणजे फळं चेचून रस काढायची जागा, 'शेमेन' म्हणजे तेल. जैतुनाच्या डोंगराच्या पायथ्याशी दुसरं काय असणार. आता येशूला पकडलं त्या रात्री तो तिथे पिळवटून निघाला म्हणून घाणा, असं प्रवचनात ऐकायला मिळतं आणि ऐकायला छानही वाटतं, पण शुभवर्तमानात असं कुठे जोडलेलं नाही, ते ऐकणाऱ्याने जोडलंय.

प्रश्न : मराठी बायबलमधला 'वल्हांडण' शब्द वल्ह्यावरून आलाय का? समुद्र ओलांडला म्हणून?

कल्पना भारी आहे पण नाही. वल्हांडणे किंवा वलांडणे हे आपल्या ओलांडणेचंच जुनं रूप. आणि ओलांडलेला समुद्र नाही, घरं. निर्गम १२ मध्ये इस्राएली लोक दाराच्या चौकटीला कोकराचं रक्त लावतात आणि परमेश्वर ती घरं ओलांडून पुढे जातो, त्याला क्रियापद 'पासाख', त्यावरून यहुद्यांच्या सणाचं नाव पेसाख, तोच मराठीतला वल्हांडण सण. ज्याने कोणी मराठीत वल्हांडण केलं त्याला मानलं पाहिजे, मूळ क्रिया जशीच्या तशी उचललीय. हेच 'पासाख' १ राजे १८ मध्ये एलीया संदेष्टा लोकांना सुनावतो तिथे पुन्हा येतं, किती दिवस दोन मतांमध्ये लंगडत राहणार, तिथे अर्थ लंगडण्याचा.

प्रश्न : ख्रिस्त हे येशूचं आडनाव होतं का?

नाही. हिब्रू 'माशिआख', म्हणजे मशीहा, त्याचं ग्रीक भाषांतर 'ख्रिस्तोस', दोन्हीचा अर्थ अभिषिक्त, तेल ओतून नेमलेला.

प्रश्न : बरब्बा या नावाला काही अर्थ आहे का?

आहे, आणि जरा चटका लावणारा आहे. अरामी भाषेत 'बर' म्हणजे मुलगा, बार्तीमय, बर्थलमय, शिमोन बार्योना ही सगळी अमक्याचा मुलगा अशीच नावं. 'अब्बा' म्हणजे बाप. म्हणजे बरब्बा, बापाचा मुलगा. मत्तय २७ च्या काही जुन्या हस्तलिखितांत तर त्याचं पूर्ण नाव 'येशू बरब्बा' असं दिलंय, येशू तेव्हा अगदी कॉमन नाव होतं. तसं वाचलं तर रोमी सुभेदार पिलात गर्दीला विचारतोय, कोणाला सोडू, येशू बरब्बाला की ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूला?