जर्मनीला निघण्याआधी सेशनफॅक्टरी पक्की करा

राम राम भाऊ. तुम्ही शिरपूरहून जर्मनीला निघालात, तिथल्या टीमकडे टॉमकॅटवर (जावाची वेब अ‍ॅप्लिकेशन्स चालवणारा सर्व्हर) हायबरनेटचं (जावा ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये ठेवणारी लायब्ररी) जुनं अ‍ॅप्लिकेशन आहे, आणि सेशन (हायबरनेटचं डेटाबेसशी चालणारं एकेक काम) जेएनडीआयमधून (सर्व्हरवरच्या गोष्टी नावाने शोधून देणारी सोय) सगळ्यांना कसं द्यायचं असं विचारलंत. मी जळगावचा, इकडे हेच काम करतो, म्हणून सविस्तर सांगतो.

सेशन सगळ्यांत वाटायचंच नसतं, वाटायची ती सेशनफॅक्टरी, म्हणजे सेशन तयार करून देणारा ऑब्जेक्ट. फॅक्टरी थ्रेड-सेफ (एकाच वेळी अनेकांनी वापरली तरी न बिघडणारी) असते पण उभी करायला जड, म्हणून एका डेटाबेसला एकच. सेशन हलकं, पण थ्रेड-सेफ नाही. दोन रिक्वेस्टनी एकच सेशन धरलं की एकीचे अर्धवट बदल दुसरीच्या ट्रान्झॅक्शनमध्ये कमिट होऊ शकतात, आणि असा बग टेस्टिंगमध्ये सहसा सापडत नाही. रिक्वेस्ट आली की सेशन उघडा, फायनली ब्लॉकमध्ये बंद करा.

खरी मेख टॉमकॅटमध्ये आहे. कॉन्फिगमध्ये फॅक्टरीला जेएनडीआयचं नाव दिलं की हायबरनेट ती तिथे स्वतः बांधायला, म्हणजे त्या नावाने नोंदवायला, जातं. टॉमकॅटचं जेएनडीआय मात्र अ‍ॅप्लिकेशनला फक्त वाचता येतं. बांधणी फसते, लॉगमध्ये एक वॉर्निंग पडते, अ‍ॅप्लिकेशन चालू होतं आणि पुढे लुकअप करताना ‘नेमनॉटफाउंड’ येतं. ती वॉर्निंग आधी शोधा.

माझं मत स्पष्ट आहे: जेएनडीआयमध्ये फक्त डेटासोर्स (डेटाबेसची कनेक्शन्स देणारा ऑब्जेक्ट) ठेवा. तो कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये रिसोर्स म्हणून लिहा, ड्रायव्हरचा जार टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये टाका. फॅक्टरी सर्व्हलेटकॉन्टेक्स्टलिसनरमध्ये (अ‍ॅप्लिकेशन सुरू आणि बंद होताना चालणारा कोड) उभी करून सर्व्हलेटकॉन्टेक्स्टमध्ये (अख्ख्या अ‍ॅप्लिकेशनची सामायिक जागा) ठेवा आणि अ‍ॅप्लिकेशन उतरताना क्लोज करा, नाहीतर प्रत्येक रीडिप्लॉयला मेमरी गळत राहते. दोन वॉर फाइल्सना, म्हणजे दोन वेगळ्या अ‍ॅप्लिकेशन्सना, एकच फॅक्टरी द्यायचा मोह टाळा. दोघांचे क्लासलोडर (जावाचे क्लास मेमरीत आणणारे) वेगळे, म्हणून एकाच नावाचा क्लासही दोघांना वेगळा दिसतो. हायबरनेटचा जार दोन्हींत असेल तर क्लासकास्टएक्सेप्शन ठरलेलं.

कागदपत्रांचं थोडक्यात. डिग्री ‘अनाबिन’ या परदेशी पदव्यांची माहिती देणाऱ्या जर्मन डेटाबेसमध्ये तपासा. आपलं जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 2018 मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने झालं. तुमच्या सर्टिफिकेटवर नुसतं उत्तर महाराष्ट्र असेल तर दोन्ही नावांनी शोधा आणि नामांतराचा कागद सोबत ठेवा. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. भाड्याचं बोलणं चालू असतानाच ते मागून ठेवा.