रोबोटिक्सची पीएचडी, घराचा हप्ता आणि द्राक्षाचे हंगाम

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना कागद-पेन घेऊन बसलो. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तुमचं वय ३२. नाशिकच्या अंबडमधल्या एका ऑटोमेशन कंपनीत वेल्डिंग रोबोटचे सेल (रोबोट आणि त्याभोवतीची यंत्रणा) बसवण्याचं काम, हातात येणारा पगार ६२,०००. मिस्टर खासगी नोकरीत, ४८,०००. पाथर्डी फाट्याला फ्लॅट, त्याचा हप्ता २३,५००. मुलगी सिनिअर केजीत. सासूबाई सोबत राहतात, त्यांना मधुमेह आहे. एमटेक झालेलं आहे, गेट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर हातात आहे आणि पवईच्या आयआयटीत रोबोटिक्समध्ये पूर्णवेळ पीएचडी करायची आहे. विषयही मनात पक्का आहे: द्राक्षाचा घड ओळखून, मण्यांना धक्का न लावता देठ कापणारा रोबोटिक हात. माहेर दिंडोरी तालुक्यातलं, घरची बाग. मार्चमध्ये राजीनामा देऊन तयारीला लागावं आणि जुलैला रुजू व्हावं, की नोकरी सांभाळून नाशिकमध्येच अर्धवेळ पीएचडी करावी, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं मत सांगतो. पवईला जा. पण जमलं तर जुलैऐवजी जानेवारीला जा, आणि प्रवेशाचं पत्र हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका.

आधी महिन्याचा हिशेब. हप्ता २३,५००, घरखर्च ३४,०००, शाळा ६,०००, विम्याचे हप्ते ४,५००, दिंडोरीला पाठवता ते ५,०००. झाले ७३,०००. वर १५,००० ची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक. उरलेले २२,००० कुठे जातात ते कळत नाही, असं तुम्हीच लिहिलं आहे. पूर्णवेळ पीएचडीला फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढची तीन वर्षं ४२,००० असते. वसतिगृहात राहिलात तर घरभाडे भत्ता मिळत नाही, त्यामुळे तो हिशेबात धरू नका. मिस्टरांचे ४८,००० मिळवून घरात ८५,००० येतील. ७३,००० चा खर्च आहेच. त्यात मेस, वसतिगृह, दर सेमिस्टरचं शुल्क आणि पंधरा दिवसांनी घरी येण्याजाण्याचा खर्च मिळून महिना १३,००० धरा. म्हणजे पहिली दोन वर्षं महिन्याला हजार रुपये कमी पडतील, तिसऱ्या वर्षापासून थोडे उरतील. एसआयपी थांबेल. घर चालेल, पण साठणार काही नाही.

आता पाच वर्षांचं बघू. नोकरीत राहिलात आणि पगार वर्षाला ८ टक्क्यांनी वाढला, तर पाच वर्षांत सुमारे ४३ लाख ६५ हजार येतील. फेलोशिपचे होतात २४ लाख. फरक साडेएकोणीस लाखांहून जास्त, आणि भविष्य निर्वाह निधीत कंपनी भरते ते वेगळं. पीएचडीनंतर आजच्या मार्गापेक्षा महिना २५,००० जास्त मिळायला लागले, तरी हा फरक भरून यायला साडेसहा वर्षं जातील. नाशिकमधली खासगी कॉलेजं पीएचडी झालेल्या प्राध्यापकाला पूर्ण वेतनश्रेणी देतातच असं नाही. म्हणून पगार वाढेल एवढ्याच आशेने जाणार असाल तर मी नको म्हणेन. तुमच्या पत्रात तसं एकही वाक्य नाही. बागेतला घड आणि तुमच्या हातातला टीच पेंडंट (रोबोटला हालचाली शिकवायचा रिमोट) यांची गाठ कशी घालायची, यावर तुम्ही दीड पान लिहिलं आहे. मी हो म्हणतोय ते त्या दीड पानामुळे.

पैसे अडकतात ते शेवटी. पीएचडीच्या टप्प्यांकडे एकदा पैशाच्या नजरेने बघा. आधी कोर्सवर्क, म्हणजे ठरलेले विषय शिकणं, मग क्वालिफायर, म्हणजे पात्रता परीक्षा. तुमचा हात पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारा संगणक) आणि प्रोग्रॅमिंगवर बसलेला आहे, पण कायनेमॅटिक्स (हालचालींचं गणित), कंट्रोल आणि संभाव्यताशास्त्राची पुस्तकं आठ वर्षं उघडलेली नाहीत, असं तुम्हीच म्हणता. इथे एक सेमिस्टर जास्त गेलं तर ते पाच वर्षांतूनच जातं. त्यापुढे दरवर्षी समितीपुढे प्रगतीचा सेमिनार, शेवटी सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा सारांश, मग प्रबंध. प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, त्यांचे अहवाल येतात, दुरुस्त्या होतात, खुली तोंडी परीक्षा होते. फेलोशिप पाच वर्षांनी थांबते. परीक्षकांचं पाकीट कधी येईल ते तुमच्या हातात नसतं.

माझ्याकडे हिशेबासाठी येणाऱ्या एका गृहस्थांची वही मला आजही डोळ्यांपुढे दिसते. संस्थेचं नाव घेत नाही. त्यांची फेलोशिप जुलैत संपली आणि प्रबंध नोव्हेंबरमध्ये सादर झाला. वहीत प्रत्येक महिन्याच्या पानावर वर एकच ओळ होती: ‘रिपोर्ट आला?’ आणि खाली त्या महिन्याला कुठून पैसे आणले ते. डिसेंबरला एफडी मोडली. मार्चला बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या. दुसऱ्या परीक्षकाचा अहवाल जूनमध्ये आला, तोंडी परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. तेरा महिने घरात फक्त एकच पगार होता. माणूस हुशार, काम उत्तम, चूक कुणाचीच नाही. त्यांनी पाच वर्षांचा हिशेब केला होता, सहाव्याचा केला नव्हता. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तुमच्या विषयाला आणखी एक घड्याळ बांधलेलं आहे. गेल्या फेब्रुवारीत मी पिंपळगाव बसवंतजवळ एका बागेत गेलो होतो. खुडणी चालू होती. एक मावशी डाव्या हाताच्या दोन बोटांत फक्त देठ धरायची, उजव्या हातातल्या कात्रीने काप घ्यायची आणि घड तसाच लोंबत नेऊन क्रेटमध्ये ठेवायची. मण्यावर बोट लागू द्यायची नाही, कारण बोट लागलं की मण्यावरची पांढरट झाक पुसली जाते आणि माल हाताळलेला दिसतो. पानाआड लपलेला घड ती न बघताच चाचपून काढत होती. हे यंत्राला शिकवायचं तर कॅमेऱ्याला हजारो घड दाखवावे लागतील आणि हात पुन्हा पुन्हा बागेत नेऊन चालवून बघावा लागेल. ऑक्टोबर छाटणीनंतर माल तयार होतो तो मुख्यतः जानेवारी ते एप्रिल. म्हणजे प्रयोगाचे दिवस वर्षातून तीन-चार महिने. ग्रिपरचा, म्हणजे पकडणाऱ्या पंजाचा, गिअर फेब्रुवारीत तुटला आणि परदेशातून यायला दोन महिने लागले, किंवा अवकाळीने बाग झोडपली, तर तुमचं गेलं एक वर्ष. ४२,००० च्या दराने ते पाच लाखांचं वर्ष होतं. त्यामुळे हलणाऱ्या भागांचा एक जादा संच प्रकल्पाच्या निधीतून मिळेल का, हे गाइडना पहिल्याच भेटीत विचारा. प्रयोगशाळेत तारेवर प्लॅस्टिकचे घड लटकवून सराव करता येईल, त्याचीही सोय आहे का बघा. हंगाम एप्रिलला संपला की पावसाळ्यात विश्लेषण आणि लेखन. आयक्रा या मोठ्या रोबोटिक्स परिषदेला पेपर साधारणपणे सप्टेंबरच्या मध्यात पाठवायचा असतो आणि निकाल जानेवारीच्या अखेरीस येतो. हे वेळापत्रक तुमच्या बागेशी छान जुळतं.

आता जुलै की जानेवारी. जुलैला गेलात तर पाच वर्षांत पाच हंगाम मिळतात, पण पाचवा प्रबंध लिहिण्याच्या ऐन वेळी येतो. जानेवारीला गेलात तर पहिला हंगाम कोर्सवर्कमध्ये जातो आणि पुढचे चार नीट मिळतात. शेवटच्या हंगामानंतर लिहायला आठ महिने उरतात. जुलैला एक हंगाम राखीव राहतो, हे खरं. पण पहिल्या वर्षी तुम्ही शनिवार-रविवार माहेरच्या बागेत नुसता कॅमेरा घेऊन फिरलात तरी तो हंगाम वाया जाणार नाही.

आणि पैशाच्या बाजूने जानेवारीचं पारडं खूप जड आहे. कंपनीत तुमची पाच वर्षं सप्टेंबरमध्ये पुरी होतात. मूळ पगार ३०,००० धरला तर पंधरा भागिले सव्वीसच्या सूत्राने पाच वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे ८६,५०० होते. चार वर्षं आणि २४० दिवसांवरही ती मिळते असे न्यायालयाचे निवाडे आहेत, पण पीएचडीच्या पहिल्या वर्षात तुम्ही कंपनीशी पत्रव्यवहार करत बसू नये असं मला वाटतं.

तुम्हाला गाठीला किती हवेत? घराचा सहा महिन्यांचा खर्च ४,३८,००० आणि सहाव्या वर्षासाठी महिना ३०,००० प्रमाणे ३,६०,०००. एकूण ७,९८,०००. आज एफडी ३,१०,००० आहे. मार्च ते डिसेंबर हे दहा महिने एसआयपीचे १५,००० आणि ते न कळणारे २२,००० असे ३७,००० बाजूला काढलेत, तर ३,७०,००० होतात. ग्रॅच्युइटी धरून ७,६६,५००. राहिलेले साडेएकतीस हजार म्युच्युअल फंडातून घ्या. बाकीच्या फंडाला हात लावायचा नाही, तो मुलीचा आहे. जुलैला गेलात तर चारच महिने मिळतात आणि गाठीला ४,५८,००० जमतात. म्हणजे सहावं वर्ष पूर्ण उघडं राहतं.

पवईच्या प्रवेशाच्या मेमधल्या मुलाखतीला मात्र नक्की जा. निवड झाली तर रुजू व्हायची तारीख जानेवारीपर्यंत पुढे मिळेल का, हे लेखी विचारा. नाही म्हणाले तर जुलैला जा. एवढ्यासाठी प्रवेश सोडू नका. अशा वेळी फंडातले ३,४०,००० काढून एफडीत टाका आणि त्या पावतीवर ‘सहावं वर्ष’ असं लिहून ठेवा.

नाशिकच्या अर्धवेळ पर्यायाबद्दल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे. त्यासाठी कंपनीकडून ना-हरकत पत्र लागतं. तुम्हाला अर्धवेळ शिकायची परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं करू, अशा तीन गोष्टी त्यात लिहून द्याव्या लागतात. तुमच्या कंपनीत कमिशनिंगच्या, म्हणजे यंत्रणा चालू करून देण्याच्या, वेळी रात्री अकराला फोन येतो. तिथले साहेब दुसरी गोष्ट मनापासून लिहून देतील का? कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं, एकूण मुदत प्रवेशापासून सहा वर्षं. पुनर्नोंदणीने दोन वर्षं वाढतात, महिलांना त्यावर आणखी दोन मिळू शकतात. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. हे नियम चांगले आहेत. पण मुदत वाढली की शुल्कही वाढतं, आणि तुम्ही लिहिलेल्या वर्षाच्या ४०,००० ने आठ वर्षांचे ३,२०,००० होतात. पगार चालू राहतो, त्यामुळे आकड्यात हा पर्याय सरळ जिंकतो. माझी अडचण वेगळी आहे. जानेवारी ते मार्च हा तुमच्या कारखान्यातही वर्षअखेरीच्या डिलिव्हरीचा काळ असतो, आणि बागही तेव्हाच हाका मारते. दोन्हीकडे एकच बाई कशी पुरणार? विषय घरात बसून करता येण्यासारखा, नुसता सिम्युलेशनचा असता, तर मी तुम्हाला नाशिक सोडू नका म्हणालो असतो.

गाइड निवडताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांशी कँटीनमध्ये बसून बोला. किती जण पाच वर्षांच्या आत प्रबंध देऊन बाहेर पडले आणि फेलोशिप संपल्यावर कुणाला प्रकल्पातून पगार मिळाला, एवढं कळलं की पुरे. मोठं नाव असलेल्या गाइडपेक्षा पाचव्या वर्षी दार उघडं ठेवणारा गाइड तुमच्या घराला जास्त उपयोगी आहे.

राजीनाम्याआधी दोन कामं संपवा. मुदत विमा पगाराच्या स्लिपा हातात आहेत तोवरच घ्या. फेलोशिपवर मोठं कव्हर मिळवणं अवघड जातं. दुसरं म्हणजे आरोग्य विमा. आज सासूबाईंसकट सगळे कंपनीच्या गटविम्यात आहेत आणि तुमच्या शेवटच्या दिवसाबरोबर ते कव्हर संपतं. पूर्वीच्या आजारांसाठी नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून त्यांची पॉलिसी याच महिन्यात, वेगळी घ्या. मधुमेह किती वर्षांपासून आहे आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे अर्जात खरं लिहा. हप्ता जास्त येईल, येऊ द्या. तो त्या २२,००० मधूनच जाईल. भविष्य निर्वाह निधी मात्र काढू नका, तो आहे तिथे व्याज कमावत राहू दे.

पंचवटी एक्सप्रेसने ठाण्याला उतरून लोकलने कांजूरमार्ग, असा रस्ता तुम्ही पत्रात स्वतःच लिहिलाय. मुलाखतीच्या आदल्या दिवशीच मिस्टरांना आणि मुलीला घेऊन जा. आई आठवड्याचे दिवस कुठे राहणार आहे ते तिला एकदा डोळ्यांनी बघू द्या.