सरकारी की खासगी? परदेशातल्या उपचारांविषयी तुमचे प्रश्न

परदेशी आरोग्यसेवेवरच्या जवळजवळ प्रत्येक पत्रात एकच समज डोकावतो: सरकारी म्हणजे फुकट पण रांगेचं, खासगी म्हणजे महाग पण झटपट. दोन्ही वाक्यं अर्धी खरी आहेत, आणि घोटाळा उरलेल्या अर्ध्यात होतो.

प्रश्न : जगात सर्वांत चांगली पद्धत कोणती, सरकारी की खासगी?

या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. पैसे कोण भरतं, रुग्णालय कुणाच्या मालकीचं आणि दर कोण ठरवतं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. ब्रिटनमध्ये 1948 पासून, म्हणजे एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा सुरू झाल्यापासून, तिन्हींचं उत्तर बहुतांशी ‘सरकार’ असंच येतं. जपानमध्ये बहुतेक रुग्णालयं खासगी, पण दरपत्रक सरकारचं. ते देशभर लागू असतं आणि साधारण दर दोन वर्षांनी बदलतं. स्वित्झर्लंडमध्ये विमा कंपन्या खासगी, मात्र विमा सक्तीचा, आणि मूलभूत विम्यावर नफा कमवायला कायद्याने बंदी. अमेरिकेत 65 वर्षांपुढच्यांच्या मेडिकेअर या विम्याचा पैसा सरकारी, पण त्यावर उपचार करणारी रुग्णालयं बहुतांशी बिगरसरकारी. मालकी कुणाची हे सगळे विचारतात, दर कोण ठरवतं हे फारसं कुणी विचारत नाही. खिशाला कात्री लागते ती मात्र त्यावरूनच.

प्रश्न : कॅनडातले डॉक्टर सरकारी नोकर असतात का?

नाही. बहुतेक जण स्वतंत्र व्यवसाय करतात आणि बिल प्रांताच्या सरकारी विम्याला पाठवतात.

प्रश्न : मग कॅनडात औषधंही मोफत मिळत असतील ना?

रुग्णालयात भरती असताना दिलेली, हो. बाहेर दुकानातून घ्यायची औषधं, दात आणि चष्मा यांचा 1984 च्या कॅनडा हेल्थ अॅक्टच्या मूळ हमीत समावेश नाही. वय, उत्पन्न आणि प्रांत यांनुसार वेगळ्या योजना आहेत, त्या त्या-त्या प्रांताच्या आरोग्य खात्याकडून तपासून घ्या. नव्याने जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पोहोचलेला महिना संपून आणखी दोन महिने जाईपर्यंत सरकारी विमा सुरू होत नाही. त्या मधल्या काळासाठी वेगळी पॉलिसी निघण्यापूर्वीच घ्यायची असते.

प्रश्न : ब्रिटनमध्ये कंपनी खासगी विमा देते आहे. मग जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायची काय गरज?

आहे, आणि पोहोचल्याच्या आठवड्यात. तिथल्या बहुतेक खासगी रुग्णालयांत अपघात विभागच नसतो. छातीत दुखलं तर विमा कितीही भारी असला तरी रुग्णवाहिका एनएचएसच्याच दारात नेणार. खासगी पॉलिसी साधारणपणे ठरवून करायच्या उपचारांसाठी असते: गुडघा, मोतीबिंदू, हर्निया. मधुमेह-रक्तदाबासारखा कायमचा आजार आणि आधीपासूनचं दुखणं बहुतेक पॉलिसी वगळतात. रांग टळते हे खरं, पण एवढ्याच कामांपुरती.

राहता राहिला एनएचएस वापरण्यासाठी व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार. फेब्रुवारी 2024 पासून तो प्रौढांना वर्षाला 1,035 पौंड आहे, विद्यार्थ्यांना आणि 18 खालच्यांना 776. तो भरला म्हणून सगळं फुकट झालं असं नाही. इंग्लंडमध्ये दातांचे आणि औषधाच्या चिठ्ठीचे पैसे बहुतेक प्रौढांना वेगळे पडतात. ‘पत्त्याचा पुरावा नाही म्हणून जीपी घेत नाही’ अशीही पत्रं येतात. इंग्लंडमध्ये नाव नोंदवायला ओळखपत्राची किंवा पत्त्याच्या पुराव्याची सक्ती नाही. स्वागतकक्षाने अडवलं तर नकाराचं कारण लेखी मागा.

प्रश्न : मुलगी 24 वर्षांची, जर्मनीत मास्टर्सला निघाली आहे. एजंट म्हणतो, सरकारी विमा महाग पडतो, निम्म्याहून कमी हप्त्यात खासगी करून देतो. घ्यावा का?

एजंटला थांबवा. हा प्रश्न दर प्रवेश-हंगामात येतो आणि बहुतेक वेळा सही होऊन गेल्यावर येतो.

जर्मनीत सुमारे 90 टक्के लोक सरकारी विम्यात आहेत. तो चालवतात टेक्निकर, एओके, बार्मर यांसारखे विमा निधी, म्हणजे क्रांकेनकासे. 30 वर्षांखालच्या विद्यार्थ्याला तिथे सवलतीचा दर मिळतो. 2025 मध्ये तो महिन्याला 140–150 युरोंच्या आसपास होता. खासगी विमा घ्यायचा तर सरकारी विम्यातून सूट मागण्याच्या अर्जावर सही करावी लागते. त्याला मुदत तीन महिन्यांची, आणि एकदा सूट घेतली की ती संपूर्ण शिक्षणकाळ मागे घेता येत नाही. ‘पुढच्या सेमिस्टरला बदलू’ असं एजंट म्हणत असेल तर ते सपशेल खोटं आहे.

खरी ठेच लागते ती पदवीनंतर. नोकरी मिळाली आणि पगार ठरावीक मर्यादेच्या आत असला (2025 मध्ये वर्षाला 73,800 युरो), तर ती आपोआप सरकारी विम्यात येते. पण नोकरी शोधायचे जे सहा-आठ महिने जातात, त्यात सरकारी विम्यात स्वेच्छेने राहण्यासाठी आधी सलग 12 महिने, किंवा गेल्या पाच वर्षांत 24 महिने, त्यात असल्याची नोंद लागते. सूट घेतलेल्या मुलीकडे ती नोंद नसते. मग हातात उरतो तो पुन्हा खासगी विमा. त्यातली ती स्वस्त पॉलिसी पुष्कळदा मुदतीची, प्रवास विम्याच्या धाटणीची असते. निवास परवाना वाढवायला गेल्यावर परदेशी नागरिक कार्यालय ‘हा पुरेसा विमा नाही’ म्हणून कागद परत करू शकतं.

पुढे पगार त्या मर्यादेच्या वर गेला की दलाल पुन्हा दार ठोठावतात. ते दाखवतात तो हप्ता असतो 28 व्या वर्षीचा, निरोगी माणसाचा आणि एकट्याचा. सरकारी विम्यात हप्ता पगारावर ठरतो, आणि न कमावणारा जोडीदार व मुलं त्याच हप्त्यात बसतात. खासगीत डोईगणिक वेगळी पॉलिसी. भरती न होता घेतलेल्या उपचारांचं बिल बहुधा आधी स्वतः भरायचं, मग परतावा मागायचा. वयाच्या 55 नंतर सरकारीत परतणं जवळपास अशक्य. आणि आरोग्याच्या अर्जात दम्याचा पंप किंवा पाठीची फिजिओथेरपी ‘किरकोळ’ म्हणून लिहायची राहिली, तर पहिल्या मोठ्या दाव्याच्या वेळी कंपनी डॉक्टरांकडून जुनी कागदपत्रं मागवते आणि करारच मोडू शकते. ‘नका लिहू, कोण बघतंय’ असा सल्ला देणारा तेव्हा फोन उचलत नाही.

दलाल इतका आग्रह का धरतो? खासगी आरोग्य विम्यावरच्या कमिशनला कायद्याने कमाल मर्यादा आहे, आणि ती मर्यादाच सुमारे नऊ महिन्यांच्या हप्त्यांइतकी आहे. यावरून काय ते समजा. सही करण्यापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला लिहा. मोठ्या पगाराचा प्रश्न असेल तर तिथल्या ग्राहक सल्ला केंद्रात, फेरब्राउखरत्सेंट्रालेमध्ये, थोडी फी भरून विचारा. ते पॉलिसी विकत नाहीत.

प्रश्न : स्वित्झर्लंडमध्ये जास्तीत जास्त फ्रांशीझ घेऊन हप्ता वाचवावा असं सहकारी सांगतात. बरोबर आहे का?

फ्रांशीझ म्हणजे वर्षभरात आधी स्वतः भरायची रक्कम. प्रौढाला ती 300 ते 2,500 फ्रँकपर्यंत निवडता येते. ती संपल्यावर पुढच्या खर्चाचे 10 टक्के तुमचे, पण वर्षाला 700 च्या वर नाही. म्हणजे वाईट वर्षी एकीकडे 1,000 जातील, दुसरीकडे 3,200. हप्त्यातली वर्षाची बचत या 2,200 च्या फरकाशी ताडून पाहा. नियमित औषध चालू असेल किंवा बाळंतपणाखेरीज एखादं ऑपरेशन ठरलेलं असेल, तर 300 च घ्या. (बाळंतपणाच्या खर्चाला हा हिस्सा लागत नाही.) पोहोचल्यापासून तीन महिन्यांत विमा घ्यावाच लागतो. उशीर केला तर जादा आकार बसू शकतो.

प्रश्न : जपानमध्ये 30 टक्के स्वतः भरावे लागतात. मोठ्या ऑपरेशनला दिवाळं निघेल की!

नाही. उत्पन्नानुसार महिन्याची कमाल मर्यादा ठरलेली आहे. भरती होण्याआधी तुमच्या विमा कार्यालयाकडून मर्यादेचं प्रमाणपत्र घ्या, किंवा रुग्णालयात विमा-नोंद दाखवून ती लागू करून घ्या. नाहीतर आधी पूर्ण हिस्सा भरून मग परतावा मागत बसाल.

प्रश्न : आई-बाबा अमेरिकेत चार महिने राहायला येणार. इमर्जन्सी कुणी नाकारू शकत नाही म्हणतात, मग विमा कशाला?

1986 च्या कायद्याने मेडिकेअर घेणाऱ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाला तपासणी करून प्रकृती स्थिर करणं बंधनकारक आहे. मोफत करणं नव्हे. बिल येतंच. पॉलिसी घेताना ‘फिक्स्ड बेनिफिट’ टाळा. त्यात प्रत्येक सेवेला ठरावीक रक्कम मिळते, बाकी तुम्ही. ‘अक्यूट ऑनसेट’ कलम नीट वाचा. जुना आजार अचानक उसळला तरच ते लागू होतं, आणि बहुधा 24 तासांत उपचार घेण्याची अट असते. साखरेची नेहमीची तपासणी त्यात बसत नाही. वडिलांना हृदयविकार असेल तर तिकीट काढण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला, आणि विमा कंपनीकडून त्या आजाराबद्दल लेखी उत्तर घ्या. फोनवरचं आश्वासन दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

प्रश्न : ऑस्ट्रेलियात मेडिकेअर (तिथला सरकारी विमा) आहे, तर रुग्णवाहिकाही त्यातच आली ना?

नाही. क्वीन्सलँड आणि टास्मानिया आपल्या रहिवाशांचा खर्च उचलतात. इतर राज्यांत वेगळं सदस्यत्व किंवा विमा लागतो. तुमच्या राज्याच्या रुग्णवाहिका सेवेकडे आजच चौकशी करा.